उणे वीस

रात्रीचे अकरा, सोहार अजून अडतीसवर.
पार्किंगमधल्या खजुराखाली मांजरही
फरशीला पोट टेकत नाही.
आत माझ्या ताब्यात एक हिमनदी आहे,
म्हणजे तिचे एकशे चौदा तुकडे,
काकडीएवढे, जाड पिशव्यांत,
प्रत्येकावर डॉक्टर बुथैनाचं तिरकं अक्षर:
खोली, तारीख, वारा कुठून.

मी फक्त आकडा राखते. उणे वीस.
दर दोन तासांनी वहीत लिहायचा, खाली सही,
रु. मुकादम.

लोकांना वाटतं बर्फ म्हणजे रिकामं, पांढरं.
पण वरून धूळ पडते, काळी, चिमूटभर,
ती ऊन पिते आणि स्वतःपुरता बर्फ वितळवत
खाली उतरते, बोटभर विहीर करून.
विहिरीच्या तळाशी शेवाळ धरतं,
शेवाळाच्या धाग्यांत जीवाणू बिऱ्हाड थाटतात,
मग वर पुन्हा बर्फाचं झाकण.
महिनोन् महिने रात्र. सगळे मरत नाहीत.
थांबतात.
थांबणं आम्हालाही येतं इथे,
दोन वर्षांतून चाळीस दिवस घर,
तिकीट कंपनीचं.

धूळ येते कुठून, मी विचारलं होतं.
बुथैनानं खिडकीच्या कडेवरून बोट फिरवलं
आणि ते बोट मला दाखवलं.

ऑगस्टातला शुक्रवार, वीज गेली.
जनरेटर दोनदा खोकला आणि गप्प.
उणे एकोणीस. उणे अठरा.
बुथैना तिकडे, जिथे फोन लागत नाही.
मी रखवालदार मुराद बलूशीला उठवलं,
म्हटलं, मासळीबाजारामागचा कारखाना. बर्फ.
आणि मीठ, पोत्यानं.
मीठ कशाला, तो म्हणाला.

आता अर्ध्या रात्री त्याला काय सांगू,
की हर्णै बंदरात माझे अब्बा लाद्या फोडायचे,
भुशातून ओढून, आकड्यानं,
हातांना फोड, बर्फानं भाजल्याचे;
की सुरमईला साधा बर्फ पुरतो,
पण ईदच्या कुल्फीला त्यात मीठ लागतं,
तेव्हा कुठे तो शून्याच्या खाली वाकतो.
म्हटलं, चल तर आधी.

पिकअपच्या तीन खेपा.
माझी ओढणी मिठानं ताठ झाली.
कारखान्यातल्या बर्फाला माशांचा वास,
त्या वासात ध्रुवावरचे जीव,
ज्यांनी जन्मात मासा पाहिला नाही.
मुरादनं गाडीतलं होतं नव्हतं ते
पेट्यांवर पांघरलं,
नमाजाची चटई तेवढी बाजूला ठेवली,
मग तीवर बसून राहिला.

वीज सव्वाआठला आली. उणे तेरा.
वहीत रकाना असतो, कारण. लिहिलं, वीज.
पुढचा रकाना, उपाय. पेन अडलं.
लिहिलं, बर्फाला बर्फ.

नऊ तुकडे तरी गेलेच.
त्या पेट्यांशी मीठ उशिरा पोचलं,
कडा सुटल्या, थरात थर मिसळले,
चारशे वर्षं एका पिशवीत, घोटभर गढूळ.
बुथैना परतली. वही वाचली. काही बोलली नाही.
पण ते पाणी तिनं सांडू दिलं नाही,
काचेच्या बशांत ओतलं
आणि चार अंशांच्या कपाटात ठेवून दार लोटलं,
विरजण लावून बाई झोपायला जाते तशी.

सत्तावन्न दिवस काही नाही.
अठ्ठावन्नाव्या दिवशी एका बशीच्या कडेला हिरवं.
हिरवंही म्हणवत नाही,
कोथिंबीर चिरल्यावर विळीच्या पात्यावर राहतं
तेवढंच.

अब्बांना फोन लावला.
म्हटलं, बर्फातून उगवलं.
मग सगळी रात्र सांगितली, मिठासकट.
ते बराच वेळ गप्प.
पलीकडे कुणाची तरी होडी फटफटत गेली.
मग म्हणाले,
तिकडे लादी कितीला पडली?